गावाजवळ दगडखाण आणि खडीक्रशर येतोय असं कानावर आलंय? मग क्रमाने काय काय करायचं

आमच्या गावाने हे सगळं पार केलंय, अजूनही थोडं चालूच आहे, आणि आता आजूबाजूच्या गावांतून फोन येतात की दादा नेमकी सुरुवात कुठून करायची. दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतोय. हे महाराष्ट्रातल्या खेड्यांसाठी आहे, म्हणजे काळ्या दगडाची खाण, त्याला जोडून खडीक्रशर, आणि त्यामागून येणारे हायवा-डंपर. वाळूचा विषय वेगळा आहे, तो यात नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. हे भांडण फाईलमध्ये जिंकलं किंवा हरलं जातं. पोकलेन आल्यावर रस्त्यावर बसण्यात गावाची सगळी ताकद जाते, आणि तोपर्यंत परवानग्या हातात घेऊनच समोरचा माणूस आलेला असतो. त्यामुळे कुजबुज सुरू झाली त्याच आठवड्यात कागदाला लागा. मोर्चा काढायचा तर काढा, पण अर्ज आधी.

१. आधी नेमकं काय येतंय ते ठरवा

लोक सरसकट "खाण येणार" म्हणतात पण यात वेगवेगळ्या चार गोष्टी असू शकतात, आणि प्रत्येकीची फाईल वेगळ्या टेबलावर असते.

खाणपट्टा म्हणजे दगड काढायची कित्येक वर्षांची परवानगी. अल्पमुदतीचा परवाना म्हणजे ठराविक ब्रास (दगड मोजायचं माप) ठराविक दिवसांत काढायचे, हा बहुतेक वेळा रस्त्याच्या ठेकेदाराला मिळतो. क्रशर म्हणजे दगड फोडायचं मशीन, ते खाणीच्या बाजूला असेल किंवा दगड दुसरीकडून आणून इथे नुसता फोडणार असतील. आणि चौथं म्हणजे क्रशरच्या आडून पुढे येणारा डांबर प्लांट किंवा काँक्रीटचा प्लांट.

या सगळ्यांना लागणाऱ्या मुख्य परवानग्या अशा:

खाणपट्टा आणि परवाना महसूल खात्याकडून, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेतून. कायदा म्हणजे महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम २०१३. जमीन खासगी मालकीची असली तरी साधारणपणे खालच्या खनिजावर हक्क सरकारचा असतो, म्हणून "माझी जमीन आहे मी खोदीन" हे चालत नाही.

पर्यावरण मंजुरी, म्हणजे ज्याला सगळे ईसी म्हणतात, ती १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली. पूर्वी पाच हेक्टरच्या आतल्या छोट्या खाणी यातून सुटायच्या. सुप्रीम कोर्टाने २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात ती वाट बंद केली, तेव्हा "आमची खाण छोटी आहे, ईसी लागत नाही" असं कुणी सांगितलं तर या निकालाचं नाव घ्या.

क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाची दोनदा संमती लागते, एक उभारण्याआधी आणि एक चालवण्याआधी. शेतजमिनीवर क्रशर बसवायचा तर अकृषिकचाही प्रश्न येतो.

आणि सुरुंग लावणार असतील तर स्फोटकांचे परवाने, शिवाय खाण सुरक्षेचा कायदा, म्हणजे पूर्वीचा खाण कायदा १९५२ (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी कामगार सुरक्षा संहिता २०२० आली आहे). हे शेवटचं फार कमी लोकांना माहीत असतं. उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नाही, कामगार पन्नासपेक्षा जास्त नाहीत आणि स्फोटकं वापरत नाहीत, या तिन्ही अटी पाळल्या तरच त्या कायद्यातल्या बहुतेक तरतुदींतून सूट आहे. एक जरी सुरुंग लावला तरी सूट संपली आणि खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस, मध्ये येतं. नागपूरला त्यांचं कार्यालय आहे.

२. जागेचे कागद काढा

गट नंबर मिळाला की अर्धं काम झालं. तलाठ्याला विचारा, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी, अर्जावर नवीन पदनाम लिहिलेलं बरं.

मग ही यादी गोळा करायची:

- त्या गटाचा सातबारा, डिजिटल सहीचा, ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो
- आठ अ आणि अलीकडचे सगळे फेरफार
- गावनकाशा आणि गटाचा नकाशा
- लागून असलेल्या सगळ्या गटांचे सातबारे, विहीर-बोअरच्या नोंदीसकट
- गावठाण, शाळा, अंगणवाडी, देऊळ, पाण्याची टाकी, पाझर तलाव यांचं खाणीच्या हद्दीपासून अंतर
- तिथे जाणारा रस्ता कुठल्या खात्याचा आहे त्याचा कागद

सातबाऱ्यावर "इतर हक्क" रकाना नीट वाचा. कुळाची नोंद, बँकेचा बोजा, वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन, वनविभागाचा शेरा, गायरान, यातलं काहीही निघालं तर तो तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा. सामाईक जमीन असेल आणि सगळ्या हिस्सेदारांची संमती नसेल तर तेही लिहा.

रस्त्याचा मुद्दा लोक सोडून देतात आणि तो खरंतर सगळ्यात पक्का असतो. खाणीपर्यंत जाणारी वाट पाणंद असेल, म्हणजे बैलगाडीची शिवरस्त्याची वाट, तर तिच्यावरून रोज भरलेले हायवा कसे जाणार? हिशोब कागदावर मांडा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. समजा खाण आराखड्यात वर्षाला ३०,००० ब्रास लिहिलेत आणि कामाचे दिवस ३००, म्हणजे रोज १०० ब्रास. एका हायवात चार-पाच ब्रास धरले तर २० ते २५ गाड्या, भरून जाणं आणि रिकामं येणं मिळून ४० ते ५० फेऱ्या, त्याही शाळेसमोरून. हा आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचला ना की जे लोक तोपर्यंत "होऊ दे, गावात रोजगार येईल" म्हणत असतात ते सुद्धा गप्प होऊन ऐकतात.

आणि याच वेळी तपासा की गाव कुठल्या संरक्षित पट्ट्यात आहे का. अभयारण्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाण चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिल २०२३ च्या आदेशात बफरचे, म्हणजे हद्दीभोवतीच्या संरक्षित पट्ट्याचे, बाकी नियम सैल केले पण ही बंदी तशीच ठेवली. सह्याद्रीच्या पट्ट्यातलं गाव असेल तर पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यातल्या यादीत नाव शोधा, त्या मसुद्यात खाणींवर बंदी आहे. आणि आदिवासी क्षेत्रात, म्हणजे पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावात, तुमची बाजू फारच मजबूत आहे, त्याबद्दल खाली.

३. माहिती अधिकाराचे अर्ज, एकदम आणि वेगवेगळे

एकच लांबलचक अर्ज करू नका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, जास्त लिहिलं की तेवढ्याच कारणावरून परत येतो. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस.

जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे: या गटासाठी आलेला खाणपट्ट्याचा किंवा परवान्याचा अर्ज, सोबतची सगळी कागदपत्रं, खाण आराखडा, मंडळ अधिकारी आणि तहसीलदारांचे अहवाल, स्थळपाहणीचा पंचनामा.

प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे: संमतीचा अर्ज, क्रशरचा लेआउट, स्थळपाहणी अहवाल.

ग्रामपंचायतीकडे: या गटाबाबत दिलेला कुठलाही ना हरकत दाखला, आणि तो ज्या ठरावावर दिला त्या ठरावाची प्रत, इतिवृत्त आणि हजेरी. इथेच बऱ्याच गावांत धक्का बसतो, दाखला दोन वर्षांपूर्वीच दिलेला निघतो आणि ग्रामसभेत तो विषयच आलेला नसतो.

मुदतीत माहिती नाही आली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, ते मुकाट्याने करा, वाट बघत बसू नका. शक्य असेल तर प्रती मागण्याऐवजी "अभिलेखाची पाहणी" मागा. टेबलावर बसून पूर्ण फाईल बघितली की नेमकी कुठली पानं हवीत ते कळतं, आणि टिपणीच्या पानांवर कारकुनाने काय लिहिलंय, कुणी कुठे शेरा मारलाय, ते प्रतींमध्ये बहुतेक वेळा येतच नाही. अर्ज वेगवेगळ्या लोकांच्या नावाने टाका. एकाच माणसाचं नाव सगळीकडे दिसलं की दबाव त्याच्यावरच येतो.

ईसीचे कागद परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावर, असतात. तिथे राज्य, जिल्हा टाकून शोधता येतं, आणि प्रकल्पाची माहिती देणारा सल्लागाराचा रिपोर्ट उघडून एकेक ओळ वाचा. इंग्रजीत असतो, गावातली कॉलेजची पोरं-पोरी बसवा वाचायला. आमच्या फाईलमध्ये ओढाच नव्हता नकाशात. पावसाळ्यात पोटरीभर पाणी वाहणारा ओढा, ज्याच्यावर खाली बंधारा आहे, तो रिपोर्टमध्ये कुठेच नाही, आणि "जवळची वस्ती" म्हणून जे अंतर दिलं होतं ते गावठाणापासूनचं होतं, मधली मळ्यातली घरं मोजलीच नव्हती. मळ्यातल्या वस्त्या, धनगरवाडा, ठाकरवाडी या कायम अशाच सुटतात. ते शोधा, प्रत्येक घराचं अंतर लिहा, फोटो जोडा.

अजून एक फसवणूक ओळखा. पाच हेक्टरपर्यंतची एकटी खाण असेल तर जनसुनावणी लागत नाही. म्हणून मोठी जागा ४.९ हेक्टर, ४.८ हेक्टर अशा तुकड्यांत, वेगवेगळ्या नावांवर दाखवतात. पण दोन खाणींच्या हद्दी एकमेकींपासून ५०० मीटरच्या आत असतील तर तो समूह धरतात आणि समूहाचं एकत्र क्षेत्र पाच हेक्टरच्या वर गेलं की पूर्ण अभ्यास आणि जनसुनावणी करावी लागते. त्यामुळे शेजारच्या गटांत आधीच चालू असलेल्या खाणी नकाशावर मांडा, शेजारच्या गावच्या हद्दीतल्या सुद्धा.

४. खाण सुरू व्हायच्या आधीची स्थिती नोंदवून ठेवा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. नंतर विहीर आटली, भिंतीला तडा गेला, बाग काळवंडली, की समोरचा एकच प्रश्न विचारतो, आधी कशावरून तसं नव्हतं? त्याचं उत्तर आजच तयार करायचं असतं, नंतर ते कशानेच मिळत नाही.

विहिरी. खाणीच्या हद्दीपासून निदान एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी आणि बोअर यांची यादी करा. मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, वहीत तारीख, गट नंबर, मालकाचं नाव, अंतर फुटात, मोजणाऱ्या दोघांच्या सह्या. दर महिन्याला एकाच तारखेला, एकाच काठाच्या खुणेपासून. काठावर ऑइलपेंटने बाण काढून ठेवा म्हणजे खूण बदलत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून आणि मुरमाच्या थरातून फिरतं. खाण त्या थराच्या खाली गेली की पाणी खड्ड्यात जमतं, तिथून ते पंपाने बाहेर फेकतात, आणि आजूबाजूच्या विहिरी उतरायला लागतात. हे उन्हाळ्यात होतं म्हणून "यंदा पाऊसच कमी होता" असं सांगायला त्यांना सोपं जातं. वही असेल तर मागच्या मे महिन्याशी या मे महिन्याची तुलना करता येते. सोबत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या तुमच्या भागातल्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी मागवून ठेवा, त्या सरकारी असल्याने त्यांना वजन असतं.

घरं. प्रत्येक घराच्या भिंतींचे फोटो, जुन्या तड्यांसकट. जुना तडा लपवू नका, उलट त्याच्या बाजूला मोजपट्टी धरून फोटो घ्या, म्हणजे तो नंतर किती वाढला ते दाखवता येईल. मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण फोटोवर छापणारं कॅमेरा ॲप टाका. जमल्यास ग्रामपंचायतीकडून पंचनामा करून घ्या. सुरुंगाच्या हादऱ्याची मर्यादा डीजीएमएसच्या १९९७ च्या परिपत्रकात आहे, साध्या राहत्या घरांसाठी कमी कंपनसंख्येला सेकंदाला ५ मिलिमीटर. मशीनने मोजता येतं हे. पुढे तक्रार करताना "हादरे बसतात" एवढंच लिहिलं तर कुणी हलत नाही, "कंपनमापक लावून मोजणी करा आणि अहवाल द्या" असं लिहिलं की अधिकाऱ्याला काहीतरी करावं लागतं.

पिकं. डाळिंब, द्राक्ष, कांदा, जे असेल ते, मागच्या तीन-चार वर्षांच्या बाजार समितीच्या पट्ट्या आणि व्यापाऱ्याच्या पावत्या एका फाईलमध्ये लावा. धूळ फुलोऱ्यावर बसली की सेटिंग होत नाही हे आपल्याला दिसतं पण नुकसानभरपाई मागताना उत्पन्न किती होतं आणि किती राहिलं हे कागदावर दाखवावं लागतं. पट्टी फेकून देऊ नका एवढं घरोघरी सांगा.

डोंगराचे फोटो. चारही बाजूंनी, ठराविक जागेवरून. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं मिळतात, ती सेव्ह करा. परवानगीच्या आधीच कुणी मुरूम उचललाय का ते त्यात स्वच्छ दिसतं.

५. ग्रामसभा

वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या धरून. एवढं थांबायला वेळ नसेल तर विशेष ग्रामसभेची लेखी मागणी सरपंचांकडे करा, सह्यांसकट, आणि पोच घ्या. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तिथे हा विषय नक्की मांडा. पाणी भरायला त्याच जातात, धुळीतून पोरांना शाळेत त्याच सोडतात, आणि आमच्याकडे सगळ्यात ठाम त्याच उभ्या राहिल्या.

ठरावात "विरोध आहे" एवढं लिहून थांबू नका. गट नंबर, कारणं, विहिरींची संख्या, अंतरं, रस्त्याचा हिशोब, सगळं त्यात यायला हवं. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, मतदान झालं असेल तर आकडे. आणि त्याच दिवशी इतिवृत्त पूर्ण लिहून सह्या झाल्या पाहिजेत. दोन ओळींची जागा मोकळी सोडलेली दिसली तर तिथल्या तिथे रेघ मारायला लावा. सत्यप्रत घ्या, पाच-सहा घ्या.

पेसा गावात गौण खनिजाच्या पट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची पूर्व शिफारस बंधनकारक आहे, १९९६ च्या कायद्यातच तसं आहे. बाकीच्या गावांत ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायद्याने अडवणारी भिंत नाही, हे लोकांना खरं खरं सांगा, नाहीतर ठराव झाला म्हणजे जिंकलो असं वाटून सगळे घरी जातात. पण तो ठराव पुढे प्रत्येक टेबलावर आणि राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालतात तिथे) तुमच्या बाजूने बोलतो.

हजेरीच्या सह्यांबद्दल सावध राहा. कंपनीचा माणूस "माहिती सभा" घेतो, चहा-नाश्ता होतो, कोऱ्या कागदावर नावं-सह्या घेतात, आणि तोच कागद नंतर ग्रामस्थांची संमती म्हणून फाईलला लागलेला दिसतो. सही करायचीच तर आधी वरती हाताने लिहा, "फक्त हजेरीसाठी, प्रकल्पाला संमती नाही".

आणि ज्याने जमीन दिली त्या शेतकऱ्याबद्दल. तो गावातलाच असतो, बहुतेक वेळा भावकीतला, कर्जात असतो किंवा मुलीचं लग्न असतं, खडकाळ जमिनीला कधी नव्हे तो भाव मिळालेला असतो. त्याला गावाचा वैरी करू नका. त्याच्याशी सुरुवातीलाच दोन वडीलधारी माणसं पाठवून बोला. करार भाडेपट्ट्याचा आहे का खरेदीचा, किती वर्षांचा, खड्डा कोण बुजवणार, हे त्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं. त्याने करारच मागे घेतला तर खाणपट्ट्याचा अर्ज जागेवरच लंगडा पडतो.

६. हरकत अर्ज

खनिकर्म अधिकारी, प्रांत, तहसीलदार, प्रदूषण मंडळ आणि राज्याचं पर्यावरण प्राधिकरण, या सगळ्यांना वेगवेगळा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे अर्ज नव्हे. प्रत्यक्ष आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, नाहीतर रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती जपा.

मजकूर साधा ठेवा, असा काहीतरी:

"मौजे अमुक, गट नं. अमुक येथे प्रस्तावित दगडखाण व खडीक्रशर यांस आमची हरकत आहे. कारणे: एक, खाणीच्या हद्दीपासून इतक्या मीटरवर इतकी राहती घरे असून अर्जासोबतच्या अहवालात त्यांचा उल्लेख नाही. दोन, इतक्या मीटरवर गावाच्या नळपाणी योजनेची विहीर आहे. तीन, वाहतुकीसाठी दाखवलेला रस्ता पाणंद असून त्याची रुंदी इतकी आहे. निर्णयापूर्वी आम्हांस सुनावणीची संधी द्यावी व आमच्या समक्ष स्थळपाहणी करावी."

शेवटची ओळ कधीच विसरू नका. सुनावणी मागितली होती आणि दिली नाही, हे पुढे अपिलात कामाला येतं. भावनिक वाक्यं, राजकीय टोमणे, अमुक पुढाऱ्याचे पैसे आहेत वगैरे यातलं काहीच नको, त्याने अब्रुनुकसानीची नोटीस मात्र येते.

अर्जावर काहीच हालचाल नसेल तर लोकशाही दिन आहे, जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी आणि तालुक्याला तिसऱ्या. त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो, तारखेची चौकशी करून ठेवा.

याच टप्प्यावर जिल्हा सर्वेक्षण अहवालही बघा. जिल्ह्यात कुठे किती गौण खनिज आहे त्याचा तो अहवाल असतो, त्याचा मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकून २१ दिवस हरकती घेतात. तुमचा गट त्यात आहे का, नसेल तर का नाही, हा प्रश्न लेखी विचारा.

७. जनसुनावणी लागली तर

किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात यावी लागते, त्यातलं एक मराठी पाहिजे. अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा आणि तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत इथे ठेवलेला असायला हवा. नसेल तर सुनावणीच्या आधीच लेखी तक्रार करा आणि तारीख पुढे ढकलायला सांगा.

सुनावणीचं अध्यक्षपद जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतं, सोबत प्रदूषण मंडळाचा प्रतिनिधी. सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. कोरम नसतो, म्हणजे बहिष्कार टाकला तरी सुनावणी होऊनच जाते आणि कागदावर "कुणीही हरकत घेतली नाही" असं उतरतं. म्हणून जा, भरपूर जणं जा.

आधी विषय वाटून घ्या. एकाने पाणी, एकीने शाळा, एकाने रस्ता, एकाने पिकं, एकाने अहवालातल्या चुका. प्रत्येकाने आधी नाव, गाव सांगायचं, मग पान नंबर सांगून मुद्दा मांडायचा, आणि तोच मुद्दा लेखी द्यायचा. गोंधळ झाला, खुर्च्या फेकल्या, तर सुनावणी उधळली एवढंच बातमीत येतं आणि आपले मुद्दे नोंदीत येत नाहीत. शेवटी नोंदवलेले मुद्दे तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असतात. ते वाचून होईपर्यंत कुणी उठू नका. मुद्दा सुटला असेल तर तिथेच सांगून लिहून घ्या.

८. परवानगी दिली गेली तर

तारखा सांभाळा, इथे सगळी मेहनत वाया जाऊ शकते. ईसी मिळाल्यावर सात दिवसांत मालकाने दोन स्थानिक वर्तमानपत्रांत ते जाहीर करायचं असतं, आणि ग्रामपंचायतीने त्याची प्रत फलकावर ३० दिवस लावायची असते. ईसीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात अपील करायची मुदत ३० दिवस आहे, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस, आणि त्यानंतर एक दिवसही नाही. त्यामुळे परिवेश पोर्टल आठवड्यातून एकदा उघडायची जबाबदारी एका माणसावर टाका आणि त्याचं नाव ठरवून टाका.

आपल्यासाठी लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागत नसाल तर फी एक हजार रुपये, वकील न लावता स्वतःही बाजू मांडता येते, पण कामकाज इंग्रजीत चालतं आणि कागद व्यवस्थित लावायला लागतात, तेव्हा जाणकार वकील मिळाला तर घ्याच. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्न असलेले यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मागता येतो, अर्जदार ठरवताना हे लक्षात ठेवा. ईसीच नाही आणि काम सुरू केलंय, असा प्रकार असेल तर अपील नाही, मूळ अर्ज करायचा, त्याची मुदत सहा महिने. भरपाईसाठी पाच वर्षं.

९. मशीन आलंच तर

गाड्या अडवू नका, चावी काढून घेऊ नका, ड्रायव्हरला हात लावू नका. तो पोटासाठी आलेला माणूस आहे, आणि गुन्हा मात्र गावातल्या पोरांवर दाखल होतो आणि मग पुढची दोन वर्षं सगळं लक्ष कोर्टाच्या तारखांवर जातं. लांबून व्हिडिओ घ्या, गाडी नंबर, वेळ, दिशा लिहा. तहसीलदारांना फोन, लगेच लेखी तक्रार, आणि वाहतूक पासची मागणी. खनिज नेणाऱ्या गाडीकडे महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून काढलेला पास असावाच लागतो. पास नाही म्हणजे अवैध. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली अवैध उत्खननाला बाजारभावाच्या पाचपट रकमेपर्यंत दंड आहे आणि मशीन, गाड्या जप्त करता येतात.

परवानगीपेक्षा जास्त खोदलंय असं वाटलं तर "ईटीएस मोजणी करा" (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन या यंत्राने) अशी मागणी करा. त्यात खड्ड्याचं घनमाप निघतं आणि ते भरलेल्या स्वामित्वधनाशी (रॉयल्टीशी) ताडून बघता येतं. अल्पमुदतीच्या परवान्यात तर हे हमखास करावं, कारण मुदत संपली तरी पोकलेन तिथेच उभा असतो.

क्रशरवर बघायच्या गोष्टी: फोडणाऱ्या भागाला आणि पट्ट्यांना पत्र्याचं आच्छादन आहे का, पाण्याचे फवारे चालू आहेत का, वाऱ्याच्या बाजूला भिंत आहे का, आतला रस्ता पक्का आहे का, हद्दीवर झाडं लावलीत का. मशीनपासून तीन ते दहा मीटरवर धुळीचं प्रमाण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. फवारे अधिकारी येणार त्याच दिवशी चालू असतात, म्हणून तक्रारीत रात्रीच्या आणि पहाटेच्या वेळा द्या आणि त्या वेळचे व्हिडिओ जोडा.

ईसी पत्रात अटींची लांब यादी असते, ती मराठीत करून चावडीवर लावा. सुरुंगाची वेळ, किती खोल जायचं, ओढ्यापासून किती लांब राहायचं, झाडं किती, सगळं त्यात असतं. त्या अटी पाळल्या का याचा अहवाल मालकाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. त्या तारखा उलटल्या की लगेच त्याची प्रत मागा आणि अहवाल हातात घेऊन, विहिरींची वही सोबत ठेवून, जागेवर जाऊन एकेक अट तपासा. जी पाळली नसेल तिच्यापुढे फोटो आणि तारीख लावून पुढची तक्रार त्याच आठवड्यात टाका.